कथेतलं दार

पनवेल,
मंगळवार, ९ डिसेंबर १९५८

प्रिय कमळदादा,

तुझं कार्ड येऊन बरेच दिवस झाले. एवढंसं कार्ड, त्यातली निम्मी जागा तुझ्या सहीने खाल्लेली आणि उरलेल्या जागेत एकच प्रश्न: सिनेमा पाहिलास का, कथेला धरून वाटला का, खरं काय ते कळव. वर्तमानपत्रांनी तर तुला आधीच उत्तर देऊन टाकलंय. मूळ कथेशी इतकं इमान राखणारा चित्रपट मराठीत विरळाच, असं एकाने लिहिलं होतं. ते कात्रण आमच्या हेडमास्तरांनी शाळेच्या दर्शनी भिंतीवर चिकटवलं, कारण कथाकाराला भाऊबीजेला ओवाळणारी बाई त्यांच्या शाळेत तिसरीला शिकवते याचा त्यांना कोण अभिमान! तरीही तुला माझं मत हवंय. हे पत्र लांबेल, आधीच सांगते. चहा घेऊन बस आणि दोन ओळी वाचून मध्येच उठू नकोस. तुझी ती सवय मला पाठ आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: धरून आहे. नको तितका धरून आहे. चुका काढायच्या म्हटल्या तर ढीगभर निघतील. मिठाच्या राशींच्या मागे हिरवंगार भात डोलताना दाखवलंय. होळीच्या दिवसांत आमच्या खारजमिनीत भात कधी उगवलं, हे तुझ्या दिग्दर्शकाला विचार. नायिका सकाळपासून खाऱ्या पाण्याच्या कोंडीत उतरून मीठ ओढते आणि संध्याकाळी तिच्या पायाला साधी भेग नाही. आमच्या गव्हाणला शूटिंगसाठी मंडळी आली होती तेव्हा शेजारच्या शांतीने मोठ्या मनाने आपलं लुगडं त्या बाईला नेसायला दिलं. तिने ते दोन बोटांत धरून परत केलं आणि पडद्यावर आली ती कोऱ्या, घडीच्या रेघा दिसणाऱ्या साडीत. होळीभोवती ते जे गाणं घातलंय, ते पाहून आमच्या गावच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण हे सगळं वरवरचं झालं. कथा जिथे खरी कथा आहे तिथे त्यांनी केसाइतकाही फरक केलेला नाही. सासरहून न विचारता निघालेली पोर होळीच्या संध्याकाळी ओहोटीच्या वाटेने माहेरी येते, दारावर थापा मारते, आणि लोक काय म्हणतील या भीतीने आई आतून कडी लावून बसते. पोर माघारी वळते आणि भरती तिला घेऊन जाते. तुझ्या कथेच्या शेवटी आईचा हात कडीवर राहतो, तसाच पडद्यावरही राहतो. नावसुद्धा तेच ठेवलंय, ‘आतली कडी’.

निर्मात्याला शेवट बदलायचा होता म्हणे. आईने कडी काढायची, पोरीने आत यायचं, मायलेकींनी गळ्यात पडायचं आणि सकाळी सासरा स्वतः बैलगाडी घेऊन न्यायला यायचा. तू अडून बसलास, करार मोडायला निघालास, माझ्या कथेतली आई दार उघडणार नाही म्हणून सांगितलंस. ती मुलाखत मी मासिकात वाचली तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. माझा भाऊ पैशाला भुलला नाही, असं स्टाफरूममध्ये ऐकवलंसुद्धा. आज वाटतं, दादा, त्या भांडणात तू हरला असतास तर फार बरं झालं असतं. का, ते सांगण्यासाठीच हा प्रपंच, पण मला थोडं मागून यावं लागेल.

तुझे वडील मीठ खात्यात कारकून होऊन गव्हाणला आले तेव्हा तुझी आई नुकतीच गेली होती. तुझ्या वडिलांचा स्वयंपाक म्हणजे करपलेला भात आणि त्यावर ताक. तू आमच्या ओटीवर येऊन मुकाट बसायचास आणि आये काहीही न विचारता तुझ्यापुढे ताटली सरकवायची. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. तुमच्या घरात असलं चालणारं नव्हतं. तुझ्या वडिलांना सगळं ठाऊक होतं, तरी ते कचेरीतून मुद्दाम उशिरा यायचे आणि ‘जेवलास का’ एवढंच विचारायचे. चांगला माणूस. आमची थोरली चंद्रा तुला ‘कारकून’ म्हणून चिडवायची आणि तू चिडायचास, पण तिच्या हातची जाड भाकरी तुला आयेच्या भाकरीपेक्षा आवडायची. तू तिला ओटीवर बसून गोष्टी वाचून दाखवायचास. ती मीठ ओढून आलेली, पाय भाजल्यासारखे झालेले, खोबरेल चोळत ऐकायची आणि गोष्टीत कुणी मूर्खासारखं वागलं की त्या माणसाला शिव्या घालायची. मी तुमच्या दोघांच्या मध्ये लोळत असायचे. तुला हे सगळं आठवत असेलच. मलाच लिहावंसं वाटलं.

मग चंद्राचं लग्न झालं, खाडीपलीकडे कामोठ्याला. पहिल्या होळीला लेक माहेरी आणायची, पण तिला दिवस गेले होते आणि सासरच्यांनी पाठवायला नकार दिला. ती हट्टी. होळीच्या दिवशी सगळं काम उरकून, कुणाला न सांगता, ओहोटी बघून चिखलातल्या वाटेने निघाली. त्या वाटेने ती लहानपणापासून पन्नासदा आलेली. आबा आणि सगळा गाव होळीच्या माळावर होता. आये तेवढी घरी होती, कारण मला देवी आल्या होत्या आणि ती माझ्या उशाशी बसून होती. पहाटे आमच्याच मिठागराच्या बांधाला, भरतीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीपाशी चंद्रा सापडली. सांगायला घरी धावत आलास तो तू. वाट चुकली, भरतीने गाठलं, असं सगळे म्हणाले, आणि आयेने तेच धरून ठेवलं. नंतरच्या वर्षांत ती माझ्यापाशी चंद्राबद्दल फार बोलली नाही, पण बोलायची तेव्हा एकच वाक्य असायचं, “ती माज्याकरंच येत व्हती.” त्या वाक्यात काय होतं कोण जाणे, पण तेवढ्यावर ती बाई जगली, मला शिकवून मास्तरीण केली, आबांना पोचवलं, आणि दर होळीला पुरणाची पोळी करून एक बाजूला काढून ठेवत राहिली.

तुझी कथा मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना वाचली. वसतिगृहातल्या मुली ती एकमेकींना वाचून दाखवून रडत होत्या. मीही रडले, पण मला रागही आला होता. आमच्या घराला तेव्हा दार कुठे होतं? कारवीचा कूड आणि पुढे झावळ्यांचा झाप. झाप म्हणजे बाजूला सारायचा आणि आत यायचं. त्याला कडी नाही न् कोयंडा नाही. तू पनवेलच्या आळीतलं जाडजूड दार उचलून आमच्या झोपडीला बसवलंस. आणि मला तर साफ गाळूनच टाकलंस. कथेत धाकटी बहीण नाही, देवी नाहीत, काही नाही, फक्त आई आणि ते दार. सुट्टीत भेटलास तेव्हा मी तोंड फुगवून विचारलं होतं, मी कुठे आहे तुझ्या कथेत? तू हसून म्हणालास, कथेत माणसं वाढली की गर्दी होते गं. दाराबद्दल विचारलं तेव्हा म्हणालास की झाप लावून घेणाऱ्या आईने वाचकाच्या पोटात कालवाकालव होत नाही. मला ते पटलं. तू लेखक, तुझं तुला कळणार. आयेला वाचता येत नाही, तेव्हा तिच्यापर्यंत हे पोचायचं नाही, एवढं मनाशी ठरवून मी गप्प बसले. कमलाकरने चंद्राची गोष्ट लिवली आणि ती शाळेच्या पुस्तकात आली, इतकंच तिला ठाऊक. तेही ती बाजारात भाजी घेताना अनोळखी माणसांना सांगायची.

दिवाळी झाली आणि सिनेमाचा तंबू पनवेलच्या मैदानात लागला. दाऊद तुझ्या वर्गातला, तुला आठवतो. आता त्याचे मिठाचे दोन ट्रक आहेत आणि पोट त्याहून मोठं. तो एके दिवशी मधल्या सुट्टीत शाळेत आला, व्हरांड्यात चुळबुळ करत उभा राहिला आणि म्हणाला, “वेणूबाय, मी मुंबईला बघितलाय पिक्चर. चांगलाच हाय. पन भामाआयला नको आणू. माजी नींद गेली तो बघून.” मी त्याच शनिवारी गव्हाणला गेले आणि आयेला नाना परीने सांगून पाहिलं. तंबूत गर्दी असते, धूळ असते, तुझे गुडघे दुखतात, रडका सिनेमा आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, माझ्या कमलाकरचा शिनेमा आणि मीच नको जाऊ होय? गावच्या बायकांना न्यायला शेवटी दाऊदलाच ट्रक काढावा लागला. आये तू पाठवलेलं जांभळं लुगडं नेसली होती. ट्रकमध्ये बायका लग्नातले धवले म्हणत होत्या, जसं काही वऱ्हाडच निघालं होतं, आणि सगळ्यांच्या मध्ये आयेला मान देऊन पोत्यावर बसवलं होतं.

पहिला अर्धा भाग तिने कसा पाहिला, ते तू बघायला हवं होतंस. गावातल्या काशिरामचे बैल दिसले तेव्हा तिने मला कोपर मारलं. कोंडीत आपलीच माणसं वाकलेली दिसली की एकेकाचं नाव घ्यायची. चंद्रा झालेली ती नटी तिला अजिबात पसंत पडली नाही. असली मरतुकडी माझी पोर नव्हती, म्हणाली. मग पडद्यावर ते घर आलं आणि त्याचं दार आलं. आयेने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, आपल्या घराला यो दार कवा व्हता? मी म्हटलं, अगं, सिनेमा आहे तो. तिने मान डोलावली. आणि मग थापा सुरू झाल्या. आई झालेली बाई उठली, दारापर्यंत गेली आणि तिने कडी सरकवली. तंबूतल्या बायकांच्या बाजूला एकीचीही नजर पडद्यावर राहिली नाही, कमळदादा. सगळ्या आयेकडे बघत होत्या. मी तिचा हात धरला तर तो हात माझ्या हातात नुसताच पडून राहिला. ती मात्र शेवटपर्यंत पडद्याकडेच बघत होती.

लोकांना दोष देऊन काय करू? तूच सांग, स्वतःच्या गावातली माणसं, बैल, बांध, खाडी सगळं खरं दिसल्यावर त्यांनी दार तेवढं खोटं का मानावं? आणि लिहिणारा कुणी परका नाही, आयेच्या ताटात जेवलेला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गोदूबाईने आयेच्या पाठीवरून हात फिरवला. वाईट मनाने नाही, खरंच मायेने म्हणाली, भामे, येवरा सगला पोटात ठेवून जगलीस, आमाला कवा बोलली नाय. मला वाटलं आता आये उसळेल. तिची जीभ तुला ठाऊक आहे, मिठागराच्या मुकादमाला तिने एकदा कसा पळवला होता. पण तिने कळशी उचलली आणि घरी आली. ती ‘नाय’ म्हणाली नाही, ही एकच गोष्ट मला सोसवेना.

त्यानंतर तिने आनंदा सुताराला बोलावलं. माझ्या पगारातून आम्ही नवं घर बांधलं तेव्हा सागाचं दार करून देणारा तोच. तिने त्याच्याकडून ते दार बिजागऱ्यांसकट काढून घेतलं आणि गोठ्यात उभं करून ठेवलं. आता ऐन थंडीत आमच्या घराला दार नाही. खाडीवरचं वारं थेट चुलीपर्यंत येतं. मी गोणपाट लावते, ती काढून टाकते. संध्याकाळ झाली की उंबऱ्याच्या आत पाट घेऊन बसते आणि कुणी हाक मारली तरी हलत नाही. जेवण म्हणजे दोन घास पेज. पनवेलहून डॉक्टरांना आणलं. त्यांनी छाती तपासली, मला अंगणात नेलं आणि सांगितलं की हृदय फार थकलंय, औषध देतो, पण औषधावर फारसं विसंबू नका. मी शाळेतून रजा घेतली आहे. आज फक्त औषध आणि पोस्टाचं पाकीट घ्यायला पनवेलला आले. खोलीवर बसून हे लिहितेय. आयेपाशी शांतीला बसवून आलेय.

मी तिला समजावलं नाही असं वाटत असेल तुला. रोज समजावलं, तिसरीतल्या पोरांना समजवावं तसं. गोष्ट लिहिणारा माणूस थोडं खरं घेतो आणि थोडं पदरचं घालतो, कमळदादाने दार पदरचं घातलं, सिनेमावाल्यांनी ते सुताराकडून करून घेतलं, बस्स, एवढंच आहे हे. ती शांतपणे ऐकायची आणि विचारायची, मग पदरचं दार घातलं, तर ते मीच आतून लावलं असं कशाला घातलं? परवा मात्र मी चिडले. वाटेल तसं बोलले. म्हटलं, आये, आपल्या घराला दारच नव्हतं, आठवतं ना तुला? झाप होता. चंद्रा आली असती तर झाप सारून आत आली नसती का? आली नाही म्हणजे पोचलीच नाही. आयेने माझ्याकडे बघितलं. गेल्या महिन्याभरात तिने इतक्या स्वच्छ डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. म्हणाली, “दार नव्हता. पन डहाला व्हता.”

कडुनिंबाचा डहाळा, दादा. देवी आलेल्या घराच्या तोंडाशी बांधतात तो. मला साफ विसर पडला होता, आणि पडणारच, मी तापाने फणफणले होते. डहाळा दिसला की बाहेरच्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही, आणि पोटुशी बाईने तर अंगणाच्याही आत यायचं नाही, आईचं घर असलं तरी. मला देवी आल्याचा निरोपही आयेने मुद्दाम कामोठ्याला धाडला नव्हता, गरोदर लेकीला असलं कळवू नये म्हणून. चंद्राला काही माहीतच नव्हतं. “तिला मीच शिकवलाय ता,” आये म्हणाली. “डहाला दिसला तं पाय नाय टाकायचा. मीच बांधला व्हता, माज्या हातानी.” मग पुढे म्हणाली की तिला मध्येच डोळा लागला होता, आणि जाग आली तेव्हा होळीवरचा ढोल जोरात वाजत होता. चंद्राने अंगणाबाहेरून हाक मारली असली आणि डहाळा बघून पाय मागे घेतला असला, तरी तिला कळलं नसतं.

मी उठून अंगणात गेले. तो डहाळा माझ्यासाठी बांधलेला होता. एवढी वर्षं आरशात माझ्या गालावरचे वण बघून मला फक्त लग्न न जमल्याचं दुःख आठवायचं. अंगणात उभी राहिले आणि तू मला कथेतून का गाळलंस ते मला एकदम कळलं. गर्दी होते म्हणून नाही. तू मला काढलंस, देवी काढल्यास, डहाळा काढलास, आणि त्या सगळ्यांच्या जागी एक दार बसवलंस. उद्या मोठी होऊन ही पोर वाचेल, तिला हे ओझं नको, असं तुला वाटलं असणार. मला वाचवायला गेलास आणि ते ओझं आयेच्या डोक्यावर टाकलंस, तिला वाचता येत नाही या भरवशावर. माझा तुझ्यावर राग आहे, फार राग आहे, आणि त्याच वेळी तुझ्या कुशीत शिरून रडावंसंही वाटतंय. त्या पहाटे आमच्याकडे धावत आलास तेव्हा अंगणाच्या कडेला चिखलात कुणाची पावलं होती का, तू ती पाहिलीस का, हे मी विचारत नाही. पुढेही कधी विचारणार नाही, आणि तूही सांगू नकोस.

हे पत्र मी आधी मनात वेगळं लिहिलं होतं. त्यात तुला फैलावर घेतलं होतं, आणि शेवटी, ताबडतोब ये आणि आयेसमोर बसून सांग की सगळं खोटं आहे, चंद्रा घरापर्यंत आलीच नव्हती, असं बजावलं होतं. काल रात्री आयेला मी तसं सांगितलंसुद्धा, कमळदादाला बोलावते, तोच तुला सांगेल. तर तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जीव आला. म्हणाली, “बोलव. त्याला ठावं हाय सगला. सिनेमात आपून घरात बसलेले, भायेरचा बोलना आयकू येत नाय. त्याला इचारायचा हाय, माजी चंद्रा भायेर उबी राहून काय बोलली.” दादा, तिला तू खोटा ठरायला नको आहेस. तिला चंद्राचं शेवटचं बोलणं हवंय, आणि ते तुझ्यापाशी आहे असं ती धरून चालली आहे. तेव्हा ये. पत्र मिळेल त्या गाडीने ये, मुंबईचे सत्कार राहू देत. आयेच्या पाटाजवळ बस आणि चंद्रा काय बोलली ते तिला सांग. निर्मात्यासाठी तू एक वाक्य बदललं नाहीस, आयेसाठी एक वाढव. फार सुंदर करू नकोस, चंद्रा तसं बोलायची नाही, आये लगेच ओळखेल. थोडी रागावलेली असू दे, थोडी घाईत असू दे, भरती यायची वेळ झालेली. घरात कोण आजारी आहे हे तिला कळलं होतं आणि त्याचा तिने माझ्यावर राग धरला नव्हता, एवढं जमलं तर त्यात घाल. मी या वेळी तुझ्या चुका काढायला बसणार नाही. तू सांगशील तेव्हा मी आयेच्या शेजारीच बसलेली असेन, आणि तू म्हणशील ते मीही खरं मानीन.

लवकर निघ.

तुझीच,
वेणू